स्नायूंचा खुराक : डब्यातला आणि ताटातला
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला शरीरसंपदेविषयी चार शब्द बोलावेत, असा आपल्या चिटणीसबाईंचा आग्रह पडला. विषय मोठा, वेळ थोडा. म्हणून सध्या घरोघरी ज्या एका वस्तूवरून आई आणि मुलगा यांच्यात खटके उडतात, तिच्याविषयीच बोलावे असे मी ठरविले. ती वस्तू म्हणजे अमिनो आम्लांचा डबा. उल्हासनगरच्या कँपांत काय, अंबरनाथच्या वसाहतींत काय, की बदलापूरच्या नव्या इमारतींत काय, जिम आता कोपऱ्याकोपऱ्यावर आहे. तेथे नाव घातले की महिन्याभरात मुलगा डब्याची गोष्ट काढतो. माझ्या भाच्याने आणलेला डबा दोन हजारांवरचा होता. वाणसामानाचा हिशेब ठेवणाऱ्या बाईच्या पोटात गोळा उठतो, पण नाही म्हणावे तर पोर म्हणते, "आई, तुला यातले काय कळते?" ते कळावे, एवढ्यासाठीच हे बोलणे. मुलगा व्यायाम करतो ही आनंदाची गोष्ट आहे, हे मात्र आधीच सांगून ठेवते.

आपले स्नायू प्रथिनांचे बनलेले असतात आणि प्रथिने अमिनो आम्लांची. अशी वीस आम्ले शरीराला लागतात. त्यांतील नऊ मोठ्या माणसाच्या शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत. ती अन्नातूनच मिळावी लागतात. या नवांपैकी ल्यूसिन, आयसोल्यूसिन आणि व्हॅलिन ही तीन त्या डब्यात भरलेली असतात. डब्यावर 'बीसीएए' लिहिलेले असते ते हेच. ल्यूसिन स्नायूंना 'बांधकाम सुरू करा' अशी सूचना देते, हे खरे आहे आणि त्यावरच सारी जाहिरात उभी आहे.

पण आपण विणकाम करणाऱ्या बायका. नऊ रंगांच्या लोकरीचा स्वेटर विणायला घेतला आणि तीनच रंगांचे गुंडे ढिगाने आणून ठेवले, तर काय होईल? चौथा रंग आला की सुया थांबतील. स्नायूंचेही तसेच आहे. नुसती तीन आम्ले पोटात गेली तर सूचना मिळते, पण बाकीची सहा कमी पडतात आणि काम अडते. उलट ज्याच्या जेवणात पुरेशी प्रथिने आहेत त्याला ही तिन्ही आपोआप मिळतात. डब्यातल्या एका मापात ही आम्ले साधारण पाच ग्रॅम असतात. तेवढी आम्ले पंचवीस-तीस ग्रॅम प्रथिनांच्या चांगल्या जेवणात असतातच, आणि सोबत उरलेली सहाही असतात.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. स्नायू वाढतो तो मेहनतीने. भार उचलावा, मग विश्रांती घ्यावी, झोप पुरी करावी. तेव्हा अन्नातली प्रथिने कामी लागतात. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कुस्तीचे कांस्यपदक मिळविले, ते तालमीतल्या मेहनतीच्या बळावर. तालमीतला खुराक म्हणजे दूध, तूप आणि बदामाची थंडाई.

आता हिशेब मांडू. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० साली दिलेल्या प्रमाणानुसार मोठ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. साठ किलोच्या माणसाला सुमारे पन्नास ग्रॅम झाली. भार उचलून व्यायाम करणाऱ्याला जास्त लागतात. पण किलोमागे सुमारे १.६ ग्रॅमच्या पुढे गेल्यास स्नायूंत सहसा आणखी भर पडत नाही, असे अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासून २०१८ साली दिसून आले. म्हणजे साठ किलोच्या मुलाला दिवसाला शहाण्णव ग्रॅम.

ही घरात मिळतील काय? दोनशे ग्रॅम कणकेच्या पोळ्यांतून सुमारे एकवीस, अर्धा लिटर दुधातून सोळा, साठ ग्रॅम तुरडाळीतून तेरा, दोन अंड्यांतून बारा, पन्नास ग्रॅम भाजलेल्या चण्यांतून अकरा, तीस ग्रॅम सोयाबीनच्या वड्यांतून पंधरा आणि तीस ग्रॅम मटकीच्या उसळीतून सात. बेरीज करा, पंचाण्णव झाले! अंडे न खाणाऱ्यांनी साठ-सत्तर ग्रॅम पनीर घ्यावे. मासे खाणाऱ्यांचे तर आणखी सोपे; सुक्या बोंबलात निम्म्याहून अधिक वजन प्रथिनांचेच असते.

यात आपल्या आज्यांचे शहाणपण पाहा. गहू-तांदळात लायसिन हे आम्ल कमी असते, ते डाळींत भरपूर असते. डाळींत मेथिओनिन कमी, ते धान्यात असते. वरणभात, पिठले-भाकरी, थालीपीठ, आपल्या सिंधी शेजारणींचे दाल-पकवान, नाहीतर त्यांच्या साई भाजीबरोबरचा भात, हे सारे जोडे एकमेकांची उणीव भरून काढणारे आहेत.

कडधान्यांतील प्रथिनांचा शास्त्रीय अभ्यास ज्यांनी केला त्यांत एक मराठी बाई होत्या, हे आपल्याला ठाऊक असावे. दुर्गाबाई भागवतांच्या धाकट्या भगिनी कमला सोहोनी. १९३३ साली बंगलोरच्या विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांनी त्यांना 'बाई' म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटून बसल्या आणि प्रवेश मिळविला. १९३९ साली केंब्रिजची डॉक्टरेट मिळविली आणि पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत कडधान्यांवर संशोधन केले. कच्च्या कडधान्यांत प्रथिनांच्या पचनाला अडथळा करणारे पदार्थ असतात. भिजवून, नीट शिजवून तो अडथळा बराचसा दूर होतो, आणि मोड आणल्याने त्याला मदत होते. वालाचे बिरडे करताना आपण भिजत घालतो, मोड आणतो, सोलतो आणि शिजवतो. त्या खटाटोपाला असा अर्थ आहे.

याच कमलाबाईंनी पुढे ग्राहकांना जागे करण्यासाठीही लेखणी चालविली. त्यांच्या नजरेने आपण डब्याकडे पाहू. प्रथिने मोजण्याची जुनी रीत अशी, की पदार्थातला नायट्रोजन मोजायचा आणि त्यावरून प्रथिनांचा आकडा काढायचा. मग काही लबाड उत्पादक पावडरीत स्वस्त अमिनो आम्ले मिसळतात. नायट्रोजन वाढतो, आकडा फुगतो, पण खरी प्रथिने कमीच राहतात. भारतात विकल्या जाणाऱ्या छत्तीस पावडरींची तपासणी २०२४ साली प्रसिद्ध झाली. त्यांतील सुमारे सत्तर टक्के डब्यांवरची प्रथिनांची माहिती चुकीची आढळली आणि काहींत बुरशीचे विषही सापडले. त्याच वर्षी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने अशा पावडरी टाळाव्यात असा सल्ला दिला.

म्हणून डबा आलाच तर अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक पाहा, पक्की पावती मागा. मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही सुरू करू नये. डब्यामागून कोणी इंजेक्शनची भाषा काढली, तर मात्र तेथे मुलाला क्षणभरही ठेवू नका. आजारातून उठलेल्या किंवा जेवण न जाणाऱ्या माणसाला डॉक्टर कधी पावडर देतात, ती गोष्ट निराळी.

आता शेवटचा आणि माझ्या मते खरा प्रश्न. मुलाच्या दंडाची एवढी चिंता वाहणाऱ्या आपण, आपल्या स्वतःच्या स्नायूंचे काय करतो? चाळिशीनंतर स्नायू हळूहळू झिजू लागतात. स्टेशनच्या पुलाचे जिने चढताना कठड्याचा आधार लागतो, खाली बसले की उठवत नाही, आणि एक दिवस पाय घसरला की हाड मोडते. याला आपण 'वय झाले' म्हणून मोकळ्या होतो. पण वय झालेल्यांना प्रथिने कमी नव्हेत, जास्तच लागतात. किलोमागे एक ते सव्वा ग्रॅम. आणि आपल्या ताटात काय उरते? सर्वांची जेवणे झाली की तळाचे पातळ वरण आणि सकाळची पोळी. दूध मुलाला, अंडे मुलाला, उसळ संपलेली. डबा घरात आणण्यापूर्वी ही वाटणी सुधारली पाहिजे.

तेव्हा भगिनींनो, त्या दोन हजारांतून डाळ, दूध, अंडी, चणे आणा, आणि ती मुलाबरोबर आपल्याही ताटात वाढून घ्या. रोज खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा. पाण्याने भरलेल्या बाटल्या हातांत घेऊन उचला. मंडळाने मंगळवारची दुपार यासाठी राखून ठेवावी, अशी माझी अध्यक्षबाईंना विनंती आहे. मुलांनाही आपली आई व्यायाम करते हे पाहून तिच्या शब्दाचा मान राखावासा वाटेल.