बंदी धाग्यावर, भार कापडावर
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी आयात-निर्यातीसारखा रुक्ष विषय कशासाठी, असा प्रश्न काहींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु श्रावकाचा धर्म जितका देरासरात तितकाच पेढीवरही पाळावयाचा असतो. अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत खोटे वजनमाप आणि मालातील भेसळ यांच्याच पंक्तीला 'विरुद्धराज्यातिक्रम' हा अतिचार बसविलेला आहे. राज्याने घातलेला निर्बंध मोडून व्यापार करणे, असा त्याचा अर्थ. म्हणजे बंदी घातलेला माल आणि व्यापाऱ्याची सचोटी यांचा संबंध आपल्या आचार्यांनी फार पूर्वी ओळखला होता. बंदी पाळावयाची, हे श्रावकाला निराळे सांगावयास नको. मात्र बंदी योग्य जागी घातली आहे की नाही, याचा विचार करणे हेही नागरिकाचे कर्तव्य होय.

आगर, डहाणू आणि तलासरीच्या दृष्टीने हा विषय दूरचा नाही. जून १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला आणि येथे उद्योगांच्या वाढीला मर्यादा पडली. चिकूच्या वाड्या टिकल्या, ही चांगली गोष्ट झाली. परंतु रोजगार भोवताली गेला. दक्षिणेस बोईसर-तारापूर येथे कापड प्रक्रियेचे कारखाने, उत्तरेस उंबरगाव आणि ईशान्येस सिल्वासा. सिल्वासा व दादरा परिसर तर पॉलिएस्टर धाग्याच्या टेक्स्चरायझिंगचे देशातील एक मोठे केंद्र बनला. तलासरी व डहाणूच्या पाड्यांवरील कितीतरी तरुण-तरुणी या कारखान्यांत कामाला जातात. तेथे एक पाळी बंद झाली की त्याचा परिणाम महिन्याभरात येथील कापडाच्या, किराण्याच्या आणि भांड्यांच्या दुकानांत दिसतो. दुकानदाराला त्यासाठी अर्थशास्त्राचे पुस्तक उघडावे लागत नाही, उधारीची वही पुरेशी असते.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. आयातबंदीचे दोन प्रकार असतात आणि चर्चेत त्यांची नेहमी गल्लत होते. तयार मालावरील बंदी ही एक गोष्ट आणि कच्च्या मालावरील बंदी ही सर्वस्वी वेगळी गोष्ट. इंग्लंडने हा भेद नीट ओळखला होता. १७०० साली त्या देशाच्या पार्लमेंटने हिंदुस्थानातील छापील व रंगीत सुती कापड देशात वापरण्यास बंदी करणारा कायदा केला. मात्र साधे पांढरे कापड येऊ दिले. त्यावर छपाई करणारे इंग्रज कारागीर त्यामुळे पुढे आले. १७२१ मध्ये निर्बंध आणखी कडक झाले, परंतु कच्च्या कापसाची वाट मोकळीच राहिली. सुरत व कोरोमंडलच्या कारागिरांवर हा अन्यायच होता, यात शंका नाही. परंतु स्वतःच्या कारखानदाराला कच्चा माल बंद करण्याची चूक त्या राज्याने केली नाही, हेही तितकेच खरे.

कच्च्या मालावर बंदी आली की निर्यातदाराचे काय होते, हे साध्या हिशोबाने समजते. समजा, परदेशी गिऱ्हाइकाने एका नगाची किंमत शंभर रुपये ठरविली आहे. त्यांत साठ रुपयांचा कच्चा माल, वीस रुपये मजुरी, पंधरा रुपये वीज, भाडे व व्याज आणि उरलेला पाच रुपये नफा. देशात धागा दहा टक्क्यांनी महाग झाला, तर साठाचे सहासष्ट झाले. नफ्याचे पाच रुपये गेले आणि वर एक रुपया तोटा आला. देशातल्या बाजारात व्यापारी भाव वाढवून पाहू शकतो, कारण शेजारच्या दुकानदारालाही तोच महाग धागा घ्यावा लागतो. परदेशात तसे नाही. तेथे शेजारच्या टेबलावर बांगलादेश आणि व्हिएतनामचा माणूस जगाच्या भावाने धागा घेऊन बसलेला असतो. मग कात्री कोठे लागते? विजेचे बिल कमी होत नाही, बँकेचे व्याज कमी होत नाही. कात्री मजुरीला लागते, नाहीतर ऑर्डरच सोडून द्यावी लागते.

या संदर्भात आपल्या समाजाला अभिमान वाटावा असे एक उदाहरण आहे. आणंदजी कल्याणजी पेढीची धुरा अनेक दशके वाहणारे शेठ कस्तुरभाई लालभाई यांनी व त्यांच्या बंधूंनी १९३१ साली अहमदाबादेत अरविंद मिल सुरू केली. स्वदेशीच्या चळवळीचा तो काळ होता आणि जगभर मंदी होती. परदेशातून येणारे तलम कापड येथेच विणावयाचे, हा मिलचा हेतू. परंतु तलम कापडाला बारीक सूत लागते आणि बारीक सुताला लांब धाग्याचा कापूस. त्या काळी आपल्या गिरण्यांना असा कापूस मोठ्या प्रमाणात इजिप्त व पूर्व आफ्रिकेतून आणावा लागे. स्वदेशी कापडाच्या पोटात परदेशी कापूस होता आणि त्यात कोणालाही विसंगती वाटली नाही. पुढे १९४७ च्या फाळणीत सिंध व पश्चिम पंजाबातील चांगल्या कापसाची जमीन पाकिस्तानात गेली, गिरण्या मात्र इकडे राहिल्या. कापूस बाहेरून आणण्याची गरज अधिकच वाढली.

१९५७ च्या परकीय चलनाच्या टंचाईनंतर मात्र परवाना-पद्धतीचा विळखा घट्ट झाला. यंत्र आणायचे तर परवाना, रंग आणायचे तर परवाना, सुटा भाग आणायचा तरी परवाना. निर्यातदार यात गुदमरतो हे सरकारलाही कळत होते. म्हणून निर्यात करणाऱ्याला काही प्रमाणात कच्चा माल आयात करण्याचा हक्क देण्यात आला. १९६६ च्या अवमूल्यनानंतर हाच हक्क 'रेप लायसन्स' या नावाने ओळखला गेला आणि मुंबईच्या बाजारात त्याचा स्वतंत्र धंदा उभा राहिला. माल निर्यात करून जे मिळत नसे, ते लायसन्स प्रीमियमने विकून मिळे! १९९१ मध्ये त्याची जागा 'एक्झिम स्क्रिप'ने घेतली आणि नव्या आर्थिक धोरणात हा सारा प्रकार हळूहळू संपला. त्याच परवान्यांच्या काळात परदेशी नायलॉन व टेरिलीनचे कापड, घड्याळे आणि सोने पश्चिम किनाऱ्यावर चोरट्या मार्गाने उतरत असे. किनाऱ्यावरील वडीलधाऱ्यांना त्या कथा सांगावयास नकोत. विरुद्धराज्यातिक्रमाला एवढी मोठी बाजारपेठ आणखी कशानेही मिळाली नसती.

हे सारे मागे पडले असे वाटत असतानाच बंदी वेगळ्या वेषात परत आली. विसाव्या शतकातील बंदी उघड होती, परवाना नाही म्हणजे माल नाही. नव्या काळातील बंदीचे नाव 'गुणवत्ता नियंत्रण आदेश' असे आहे. नाव ऐकून कोणीही मान डोलवील, कारण चांगल्या प्रतीला कोणाचा विरोध असणार? परंतु या आदेशानुसार परदेशी कारखान्याला भारतीय मानक ब्यूरोचा परवाना घ्यावा लागतो, त्यासाठी तपासणी व्हावी लागते आणि तो परवाना वेळेवर मिळाला नाही तर तेथील माल आपोआप बंद होतो. व्हिस्कोस तंतूवर हा आदेश २९ मार्च २०२३ पासून लागू झाला. पॉलिएस्टरचे तंतू व धागे आणि त्यांना लागणारी रसायनेही त्या सुमारास अशाच आदेशांच्या कक्षेत आली.

गंमत अशी की अगोदरच्या काळात सरकारने नेमके उलट पाऊल उचलले होते. पॉलिएस्टरचा मूळ कच्चा माल जो पीटीए, त्यावरील अँटी-डंपिंग शुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात काढले गेले आणि कापड उद्योगाच्या हितासाठी हे करीत असल्याचे सांगितले गेले. व्हिस्कोस तंतूवरील तसेच शुल्क २०२१ मध्ये संपले. एका हाताने उघडलेले दार दुसऱ्या हाताने दोन वर्षांत लोटून घेतले गेले.

याचा भार कोणावर पडला? व्हिस्कोस तंतूचे देशातील उत्पादन मुख्यतः एकाच उद्योगसमूहाच्या हाती आहे. पॉलिएस्टरचा कच्चा मालही मोजक्याच कंपन्या बनवितात. त्यांच्या खाली सूतगिरण्या, त्यांच्या खाली सिल्वासाचे टेक्स्चरायझर, त्यांच्या खाली भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी व सुरतेचे यंत्रमाग, मग प्रक्रिया करणारे, मग शिवणारे. जसजसे खाली यावे तसतशी माणसे वाढत जातात आणि प्रत्येकाचे भांडवल कमी होत जाते. ॲडव्हान्स लायसन्सवर निर्यातीपुरता कच्चा माल शुल्काशिवाय आणण्याची वाट मोठ्या निर्यातदाराला असते. भिवंडीचा मागवाला जॉबवर ग्रे विणतो. ते कापड चार-पाच हातांतून फिरून परदेशी जाते. त्याच्या नावावर निर्यातीची नोंदच नसते, मग लायसन्स कसले? म्हणून कच्च्या मालावरील बंदी म्हणजे अनेक लहानांकडून वसूल करून थोड्या मोठ्यांना दिलेले अनुदान होय, असे स्पष्ट म्हणावे लागते.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. चीनमध्ये गरजेपेक्षा कितीतरी मोठी उत्पादनक्षमता उभी आहे आणि तेथील माल कधी कधी खर्चाहून कमी भावात बाहेर टाकला जातो. अशा वेळी देशी कारखानदाराला संरक्षण हवे, यात वाद नाही. त्यासाठी चौकशी करून, ठरावीक मुदतीचे अँटी-डंपिंग शुल्क लावण्याची पद्धत आहे. शुल्क किती आणि केव्हापर्यंत, हे व्यापाऱ्याला आगाऊ कळते व त्याप्रमाणे तो सौदा करतो. बंदीत भाव कळत नाही, मुदत कळत नाही.

कापसाचा प्रश्न अधिक नाजूक आहे, कारण तेथे समोर कारखानदार नसून शेतकरी आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये आयात कापसावर एकंदर ११ टक्के भार बसला. मे २०२२ मध्ये कापसाचा भाव खंडीला एक लाख रुपयांच्या वर गेला आणि कित्येक सूतगिरण्यांनी चाती थांबविली. त्या वर्षी एप्रिल ते ऑक्टोबर शुल्क माफ करावे लागले. २०२५ मध्ये अमेरिकेने ऑगस्टअखेर भारतीय मालावरील शुल्क ५० टक्क्यांवर नेले. त्याच महिन्यात १९ ऑगस्टपासून कापूस पुन्हा शुल्कमुक्त झाला आणि ती सवलत ३१ डिसेंबरपर्यंत वाढविली गेली. परंतु हीच वेळ विदर्भ-मराठवाड्यातील नव्या कापसाची. लांब धाग्याच्या कापसाचा त्या हंगामाचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल होता आणि बाजार त्याच्या खाली असल्याची शेतकऱ्यांची तक्रार होती. ती तक्रार खोटी म्हणता येत नाही. निर्यातदाराला स्वस्त कापूस द्यावयाचा तर कापूस महामंडळाने हमीभावाने खरेदी पुरेशी केली पाहिजे, शेतकऱ्याच्या पदरातून तो दिला जाऊ नये. यापेक्षा शहाणपणाचा निर्णय फेब्रुवारी २०२४ मध्ये झाला होता. ३२ मिलिमीटरहून लांब धाग्याच्या कापसाचे शुल्क तेव्हा काढण्यात आले. तो आपल्याकडे फार थोडा पिकतो, त्यामुळे शेतकऱ्याचे नुकसान नाही आणि तलम सूत काढणाऱ्याची सोय झाली.

बांगलादेशाचे उदाहरण येथे टाळता येत नाही. त्या देशात कापूस जवळजवळ पिकत नाही. १९७९ च्या सुमारास देश गारमेंट्स या कंपनीने कोरियाच्या देवू कंपनीशी करार केला, आपले कामगार तेथे शिकावयास पाठविले आणि सरकारने निर्यातीसाठी येणारे कापड शुल्काशिवाय बाँडच्या गोदामात येऊ दिले. एवढ्या पायावर तो देश तयार कपड्यांच्या निर्यातीत भारताच्या दुपटीहून पुढे गेला. मात्र अशा देशालाही बंदीचा मोह सुटला नाही. एप्रिल २०२५ मध्ये आपल्या सूतगिरण्यांना वाचविण्यासाठी त्याने भारतीय सुताची जमिनीवरील नाक्यांतून होणारी आयात थांबविली. लगेच १७ मे रोजी भारतानेही तेथील तयार कपडे जमिनीच्या मार्गाने घेणे बंद करून न्हावा शेवा व कोलकाता ही दोनच बंदरे खुली ठेवली. त्यांच्या शिवणाऱ्याचे सूत महागले, आपल्या सूत विकणाऱ्याचा जवळचा रस्ता गेला.

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने पॉलिएस्टरच्या साखळीतील आणि पाठोपाठ व्हिस्कोस तंतूवरील गुणवत्ता नियंत्रण आदेश मागे घेतले. उशिरा का होईना, हे योग्य झाले. परंतु परदेशी खरेदीदार हंगामाहंगामाला ऑर्डर देतो. मधल्या अडीच वर्षांत जो दुसऱ्या देशात गेला, तेथे ज्याची वीण, रंग व माप पसंत झाले, त्याला परत आणणे सोपे नसते.

३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे वाढवण बंदराचे भूमिपूजन झाले. मच्छीमार बांधवांच्या त्याबाबतच्या हरकती गंभीर आहेत आणि त्यांचा विचार स्वतंत्रपणे झाला पाहिजे. परंतु बंदर जवळ आले म्हणजे येथील व्यापार आपोआप वाढेल, अशा समजुतीत तरुणांनी राहू नये. कोणता माल उतरावयाचा, हे अधिसूचना ठरविते. अँटी-डंपिंगची चौकशी सुरू होते तेव्हा तिची सूचना राजपत्रात येते आणि तो माल वापरणाऱ्या उद्योगांनाही मुदतीत प्रश्नावली भरून आपले म्हणणे मांडता येते. मोठ्या कंपन्यांचे वकील तेथे हजर असतात. मागवाला, टेक्स्चरायझर आणि लहान व्यापारी क्वचितच दिसतात. आपल्या समाजात वाणिज्य शाखेचे पदवीधर आणि चार्टर्ड अकाउंटंट आता पुष्कळ आहेत. व्यापारी संघटनांमार्फत अशा दोन-चार प्रश्नावल्या भरून देण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले, तर सिल्वासा व भिवंडीच्या लहान धंदेवाल्यांचे म्हणणे निदान कागदावर तरी येईल.