कायद्याच्या आतला गुन्हा

संतकवी शेख महंमद यांच्या श्रीगोंदानगरीत भरलेल्या या परिषदेसाठी ‘राज्यसंस्थेचे गुन्हे’ हा विषय निवडल्याचे नवल पुण्या-मुंबईला वाटले, तरी पारध्यांच्या वस्त्या असलेल्या या तालुक्याला ते वाटण्याचे कारण नाही.

कायद्याने शिक्षापात्र ठरवलेले कृत्य म्हणजे गुन्हा, ही रूढ व्याख्या घेतली, तर कायदा करणारे राज्यच गुन्हेगार कसे ठरावे, हा राज्याच्या गुन्ह्यांचा अभ्यास करणाऱ्या शाखेचा मूळ पेच आहे. अमेरिकेतील विल्यम चॅम्बलिस यांनी १९८८ मध्ये अधिकाऱ्यांनी राज्याचे काम म्हणून केलेल्या बेकायदा कृत्यांवर बोट ठेवले; परंतु जे अन्याय कायद्यानेच घडवले, ते त्या व्याख्येबाहेर राहिले. हर्मन आणि ज्युलिया श्वेंडिंगर यांनी १९७० मध्येच मानवी हक्कांचा भंग ही कसोटी सुचवली होती. पेनी ग्रीन व टोनी वॉर्ड यांनी २००४ मध्ये तिला संघटनेच्या उद्दिष्टाची जोड दिली. हवालदाराने स्वतःच्या खिशासाठी घेतलेली लाच त्यात बसत नाही. पण खात्याच्या उद्दिष्टासाठी हक्क तुडवले गेले आणि समाजातील कोणीतरी त्याला अपराध म्हटले, तर तो राज्याचा गुन्हा ठरतो.

या कसोटीवर १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा घासून पाहावा. मुंबई इलाख्यात तो १९११ च्या कायद्याने आला. पारध्यांसारखी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर झाली, की माणसांची नोंदणी, बोटांचे ठसे, हजेरी, फिरण्यावर बंधने, आणि सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातली वसाहत, जिला लोक ‘सेटलमेंट’ म्हणत, हे सारे मागोमाग येई. मुलांना आईबापांपासून वेगळे करण्याचीही तरतूद होती. त्याहून बोलकी गोष्ट ही, की जमात जाहीर करणाऱ्या अधिसूचनेच्या वैधतेची तपासणी न्यायालयाला करताच येत नसे. तेव्हा केवळ कायद्याच्या पुस्तकात गुन्हा शोधणाऱ्याच्या हाती काही लागणेच शक्य नव्हते.

अभ्यासकाला मात्र पुरावा उदंड मिळतो, आणि तो बराचसा सरकारनेच जपला आहे, कारण आपण लपवण्यासारखे काही करतो असे सरकारला वाटतच नव्हते. अधिसूचना, गॅझेटियर, वसाहतींचे अहवाल यांत या साऱ्याचे नाव ‘सुधारणा’ असे येते. स्टॅन्ली कोहेन यांनी वर्णिलेल्या नाकबुलीच्या प्रकारांपैकी, घटना मान्य करून तिचा अर्थ बदलण्याचा, हा चोख नमुना. कागदाची दुसरी बाजू लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’सारख्या आत्मकथनांत आहे, आणि त्यांना निव्वळ साहित्य म्हणून बाजूला सारणे समाजशास्त्राला परवडणारे नाही.

मुंबई राज्यात १९४९ मध्ये आणि देशभर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला, तरी १९५९ मध्ये मुंबईचा सराईत गुन्हेगार कायदा आला; गुन्हेगार जमातींच्या यादीतून सुटलेल्या ‘विमुक्त’ जमातींना जन्मजात गुन्हेगार समजणारे तुरुंग नियमावल्यांतले उल्लेख घटनाबाह्य ठरायला ३ ऑक्टोबर २०२४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी कोणत्या वस्तीवर येते, हे पहिल्या सत्रात त्या वस्त्यांवरचीच माणसे सांगणार असून, अभ्यासकांची मांडणी त्यानंतर ठेवलेली आहे.