टांगा कोण हाकणार?

(जळगावात तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोललो तसंच बहुतेक ठेवलं आहे.)

मला धंद्यावर बोलायला सांगितलंय. मी गोदीत माल चढवतो-उतरवतो. माझ्या बापानं धंदा केला नाही, आजानं केला नाही. आमच्या घराण्यात काय होतं? येसकरकी होती. दारोदार फिरून भाकरी मागायची, सरकारी कागद धावत पोचवायचा आणि मेलेलं ढोर ओढायचं. दुकानाची पायरी आम्हाला ठाऊक होती, ती खालूनच. म्हणून ज्यानं आमच्यात पहिल्यांदा गल्ला मांडला त्याची गोष्ट सांगतो. तो माझा मावसभाऊ.

जळगावहून धुळ्याकडं निघालात की गिरणेचा पूल लागतो. पुढं एरंडोल, पारोळा. त्या हायवेवर एरंडोलच्या अलीकडं त्याचा पत्र्याचा ढाबा आहे. शेवभाजी, कळण्याची भाकरी, ठेचा, थंडीत वांग्याचं भरीत. बोर्डावर बाबासाहेबांच्या आईचं नाव, निळ्या रंगात. ट्रकवाले थांबायचे. ट्रकवाल्याला भूक लागलेली असते, तो बोर्ड वाचत बसत नाही. पण आता गाडीवालं गिऱ्हाईक आधी फोनात बघतं. कुणाला किती तारे, कुणी काय लिहिलंय. मग पाय ठेवायचा की नाही ते ठरवतं.

एके दिवशी भावाच्या ढाब्याला कुणीतरी एक तारा दिला. खाली एकच ओळ होती. बोर्ड बघून घ्या आणि मग ठरवा, एवढंच. भाकरीबद्दल अक्षर नाही, भाजीबद्दल अक्षर नाही. पंधरा दिवसांत तसेच आणखी आठ-नऊ तारे पडले. नावं खोटी. त्यातल्या एकानं त्याच दिवशी सोलापूरच्या एका दुकानालाही शिव्या घातलेल्या होत्या. म्हणजे सकाळी सोलापूर आणि दुपारी एरंडोल! पोटात काय इंजिन बसवलंय काय साल्याच्या?

पाठोपाठ एक पोरगा मोटारसायकलवर आला. म्हणाला, शंभर चांगले तारे पाहिजेत का, भाव सांगतो. शेजारच्या ढाब्यानं घेतलेत.

त्या रात्री भावानं मला फोन केला. रडत नव्हता, पण आवाज बसलेला होता. म्हणाला, ‘‘भो, बोर्डवरनं नाव पुसी टाकस. पोटले भाकर लागस, नाव नही लागत.’’

मी कवी. मी तावातावानं त्याला स्वाभिमानावर वीस मिनिटं ऐकवली. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘कर्जाचा हप्ता तू भरशील का?’’

माझ्याकडं उत्तर नव्हतं. आजही पुरतं नाही. पण त्या दिवसापासून मी शोधत बसलोय, की आपल्या माणसाच्या धंद्याचं ‘नाव’ कोण ठरवतं? आणि हे तारे आकाशातून आजच पडलेत की जुनेच आहेत?

जुनेच आहेत, दोस्तहो. 1917 साल घ्या. बाबासाहेब कोलंबियात शिकून, लंडनला जाऊन परत आलेले. बडोद्याची नोकरी. राहायला जागा कुणी देईना. शेवटी पारशांच्या धर्मशाळेत पारशी नाव लावून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन लोक जिन्यावर आले. ते मुंबईला परतले आणि पोटासाठी त्यांनी काय केलं? शेअर-रोख्यांच्या व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचं छोटंसं ऑफिस काढलं. धनंजय कीरांच्या चरित्रात आहे हे. ऑफिस चाललं. गिऱ्हाईक येत होतं. मग बातमी फुटली की सल्ला देणारा महार आहे. गिऱ्हाईक आटलं. सल्ला चुकला असं कुणी म्हणालं नाही. आकडे तेच, अक्कल तीच. त्या काळात फोनात तारे नव्हते, पण निरोप बरोबर पोचला.

पुढं 31 जानेवारी 1920 ला ‘मूकनायक’ निघाला. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले होते. नव्या पाक्षिकाची जाहिरात ‘केसरी’कडं पाठवली, पैसे मोजून. केसरीनं छापली नाही. फुकट मागितलं नव्हतं, भाव देतो म्हटलं होतं, तरी नाही. बाजारात म्हणे पैशाला वास नसतो. आमच्या पैशाला असतो.

आता चाळीसगावला या. आपलंच खान्देश. 1929. अस्पृश्यांची गाऱ्हाणी तपासायला मुंबई सरकारनं कमिटी नेमलेली, बाबासाहेब तिचे सभासद. धुळे लाइनवरच्या एका गावात बहिष्काराचं प्रकरण होतं, ते बघून चाळीसगाव स्टेशनवर परत आले. आपली माणसं हार घेऊन उभी. महारवाडा पायी जाण्याजोगा. स्टेशनबाहेर टांगे उभे. तरी तासभर कुणी हलेना. का? एकही टांगेवाला बाबासाहेबांना बसवून टांगा हाकायला तयार नव्हता. शेवटी तोड निघाली. टांगा भाड्यानं देतो, हाकणार नाही. मग आपल्यातलाच एक जण हाकायला बसला, ज्यानं कधी लगाम धरला नव्हता. दोनशे पावलांवर मोटारीची धडक थोडक्यात चुकली. पुढं नदीवरच्या मोरीवर चाक दगडावर आपटलं. घोडा आणि टांगा खाली नदीत, बाबासाहेब फरशीवर बेशुद्ध. पाय मोडला.

त्या टांगेवाल्याचा मी फार विचार केलाय. तो काही जमीनदार नव्हता. रोज घोडा जुंपून रोज खाणारा, माझ्यासारखाच हमाल. भाड्याची त्याला गरज होती आणि भाडं त्यानं घेतलंही. त्यानं घोडा दिला, चाकं दिली, फक्त स्वतःचा हात दिला नाही. कारण उद्या अड्ड्यावर बाकीचे टांगेवाले काय म्हणतील? सवर्ण गिऱ्हाईक बसेल का? त्याला त्याचे तारे सांभाळायचे होते. अस्पृश्यता सगळीच पोथीतून येत नाही. निम्मी ती अड्ड्यावरच्या चढाओढीतून येते. शेजारचा पुढं जाईल ही भीती.

पण हीच गोष्ट बाबासाहेबांनी लिहिली तेव्हा आपल्या माणसांनाही सोडलेलं नाही, हे विसरू नका. पाहुणा पायी चालला तर आपली इज्जत जाईल, म्हणून चाळीसगावकरांनी न शिकलेल्या हातात लगाम दिला. पाहुण्याच्या जिवापेक्षा पाहुण्याचा मान मोठा ठरवला.

ते आठवलं आणि मी सुट्टी काढून भावाच्या ढाब्यावर गेलो. गुपचूप बसलो, जेवलो. आणि दोस्तहो, खरं सांगायला पाहिजे. शेवभाजीत मीठ जास्त होतं. शेव तळलेलं तेल जुनं होतं. पोऱ्यानं टेबल पुसलं ते फडकं टेबलापेक्षा मळकं. फोनात नीट बघितलं तर एक-ताऱ्यांच्या त्या ढिगात दोन तारे खऱ्या गिऱ्हाइकांचे होते. त्यांनी तेलाबद्दलच लिहिलं होतं. एकाचं नाव तर आपल्याच वस्तीतलं. भाऊ सगळ्यांना मनूची अवलाद म्हणत होता. मी म्हटलं, मनूनं तुझं तेल जुनं केलं नाही. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

हे मी इथं का सांगतोय? कारण आपल्यात एक रोग आहे. निळं दिसलं की माफ करायचं, नाहीतर निळं दिसलं की दुप्पट झोडायचं. सवर्णाच्या हाटेलात आळणी खाऊ, वर टीप ठेवू. आपल्या माणसाकडं उधारी ठेवू आणि बाहेर जाऊन त्याची नालस्ती करू. दुसऱ्या पेठेतल्या आपल्याच दोन पुस्तकविक्यांची भांडणं मी पाहिलीत. कुणाचा फोटो मोठा, यावरून.

आता कायद्याचं बघा. संविधानाचं 15 वं कलम म्हणतं, दुकानात, हाटेलात, विहिरीवर आपल्याला अडवता येणार नाही. ते आपल्याला गिऱ्हाईक म्हणून आत नेतं. पण दुकान आपलं असेल तर गिऱ्हाइकाला आत कोण आणणार? अॅट्रॉसिटीच्या कायद्यात 2015 ची दुरुस्ती झाली, ती 2016 पासून लागू आहे. तिच्यात आर्थिक बहिष्कार हाही गुन्हा आहे. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदाही 2016 चा. गावच्या बहिष्काराला निदान चावडी असते, पंच असतात, नावं असतात, पंचनामा होतो. इथं फिर्याद कुणावर? खोट्या नावाच्या नऊ जणांवर? ग्राहकांच्या अशा अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्युरोनं नोव्हेंबर 2022 मध्ये नियम काढले, पण ते पाळणं ज्याच्या त्याच्या मर्जीवर.

आणि तारा म्हणजे हवा नाही, रोकडा आहे. अमेरिकेत सिअॅटलच्या हाटेलांवर हार्वर्डच्या मायकेल लुका यांनी 2011 साली हिशेब मांडला. एक तारा वाढला की एकट्यादुकट्या हाटेलाचा गल्ला पाच ते नऊ टक्के वाढतो. हप्ता भरणाऱ्याला विचारा पाच टक्के म्हणजे काय.

मग नाव पुसायचं? बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती!’ हा संग्रह 1963 चा. साठ वर्षं उलटली. जात चोरणं अजून धंद्याचं भांडवल आहे. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी 2007 साली दाखवून दिलं. खासगी कंपन्यांना सारख्याच शिक्षणाचे अर्ज पाठवले, फक्त आडनावं बदलली. दलित आडनावाला बोलावणी कमी. 2024 च्या जुलैत उत्तर प्रदेशात कावडयात्रेच्या रस्त्यावर खानावळींना मालकांची नावं लावायला सांगितलं, सुप्रीम कोर्टानं 22 जुलैला ते थांबवलं. म्हणजे एकाला नाव लाव म्हणून दमदाटी, दुसऱ्याला नाव झाक म्हणून उपासमार. आणि नाव झाकलं तरी पत्ता बोलतो. महाराष्ट्र सरकारनं डिसेंबर 2020 मध्ये वस्त्यांची जातीवाचक नावं बदलायचं ठरवलं. चांगलं झालं. पण महारवाड्याचं भीमनगर झालं, तरी फोनातल्या नकाशावर ते भीमनगरच दिसतं.

काळ्या अमेरिकनांची एक गोष्ट मला फार आवडते. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये व्हिक्टर ग्रीन नावाचा एक पोस्टमन होता. साधा टपाल वाटणारा. काळ्या माणसाला प्रवासात कुठं जेवायला मिळेल, कुठं झोपायला मिळेल, कुठं पेट्रोल मिळेल, याची यादी त्यानं 1936 पासून छापायला सुरुवात केली. ‘ग्रीन बुक’. तीस वर्षं निघत होतं ते. गोऱ्यांच्या बाजारानं ज्यांना नाव दिलं नाही त्यांना एका पोस्टमननं पत्ता दिला.

मी पोस्टमन नाही, पण मला लिहिता येतं. म्हणून एक वही केलीय, शंभर पानी. जळगाव ते धुळे रस्त्यावरचे आपले ढाबे, पंक्चरवाले, झेरॉक्सवाले, शिंपी. मी प्रत्येकाकडं जातो, पैसे देतो, खातो किंवा काम करून घेतो आणि लिहितो. खोटं कौतुक नाही, खोटी बदनामी नाही. खाली माझं खरं नाव. आतापर्यंत अकरा नोंदी झाल्यात. एका शिंप्यानं वही बघून मला हाकलून दिलं, कारण मी काज वाकडं आहे असं लिहिलं होतं. काज वाकडंच होतं.

भावानं बोर्ड उतरवलाय. पुसलेला नाही. भिंतीला उलटा टेकवून ठेवलाय आणि म्हणतो, दिवाळीपर्यंत बघू. मी काही बोलत नाही. हप्ता त्याचा आहे. फक्त गेल्या खेपेला तेल नवं होतं.

वहीतली पहिली नोंद त्याचीच आहे. तेवढी वाचतो आणि बसतो.

‘‘एरंडोलच्या अलीकडं, डाव्या हाताला, पत्र्याचा ढाबा. सध्या बोर्ड नाही. भाकरी गरम, कळण्याची, चांगली. शेवभाजीत मीठ जास्त, सांगितलं तर कमी करतात. तेल पहिल्या दिवशी जुनं, दुसऱ्या खेपेला बदललेलं. फडकं अजून मळकं. पाणी माठातलं, गार. उधारी मागू नये.’’