ड्रॅगनस्वार व्हायोलेट
प्रेमकथा आणि अद्भुतकथा एकत्र गुंफणाऱ्या इंग्रजी कादंबऱ्यांना सध्या मोठा वाचकवर्ग आहे. त्यांतली रेबेका यारोस या अमेरिकी लेखिकेची ‘फोर्थ विंग’ (२०२३) मला मनापासून आवडली. ड्रॅगनस्वारांच्या युद्धविद्यालयात आलेल्या व्हायोलेटचे सांधे सहज निखळतात. लेखिकेला स्वतःला सांधे सैल करणारा एहलर्स-डॅनलॉस हा विकार आहे. ते दुखणं पानोपानी खरं उतरलंय. उंचावरच्या अरुंद कठड्यावरून चालण्याच्या पहिल्याच परीक्षेआधी, गुळगुळीत तळव्यांचे बूट घातलेल्या अनोळखी मुलीशी व्हायोलेट एक बूट बदलून घेते. एवढ्यावरूनच तिचा स्वभाव कळतो! झेडन या ड्रॅगनस्वारावरचं तिचं प्रेम त्यापुढे मला फिकं वाटलं. दुसरा भाग, ‘आयर्न फ्लेम’, पसरट झालाय. पहिला मात्र जरूर वाचा.