खानदेशची फडपद्धति

जमीन, श्रम आणि भांडवल हीं संपत्तीचीं साधनें होत, असें अर्थशास्त्राचा विद्यार्थी प्रथम शिकतो. परंतु हीं साधनें हाताशीं असूनहि एखादें गांव दरिद्री राहतें, आणि तितक्याच साधनांवर दुसरें गांव बागायती होतें. या फरकाचें कारण पुष्कळदां शेजाऱ्यांच्या परस्पर व्यवहारांत सांपडतें. खानदेशांतील फडपद्धति हें त्याचें उत्तम उदाहरण होय.

पांझरा नदीवर, तसेंच नाशिक जिल्ह्यांतील मोसम व आरम या नद्यांवर, शेतकऱ्यांनीं कित्येक शतकांपूर्वीं बंधारे बांधले. बंधाऱ्याच्या पाटाखालीं भिजणाऱ्या जमिनीस थळ म्हणत. थळाचे बहुधा ३ ते ४ फड पाडीत, आणि एका फडांत एका वेळीं एकच पीक घेत. एका फडांत ऊंस असला, तर दुसऱ्यांत हंगामी धान्य. पुढें पिकांची अदलाबदल होई.

खरी खुबी जमिनीच्या वांटणींत होती. साधारणतः प्रत्येक शेतकऱ्याचा तुकडा प्रत्येक फडांत असे. पाणी अपुरें पडलें, तर कोणता फड कोरडा ठेवावयाचा, हें सर्वजण मिळून ठरवीत. आणि त्याची झळहि सर्वांनाच लागे. ज्या निर्णयानें स्वतःचेंहि नुकसान होणार, तो निर्णय माणूस जपून घेतो आणि निमूटपणें पाळतो. शेतास पाणी देण्याचें काम मालकाकडे नसे, तें पाटकऱ्याचें. राखण जागल्या करी. त्यांस मोबदला धान्यरूपानें मिळे, आणि पाट साफ करावयास थळांतील सारे शेतकरी एकत्र येत. पाण्याचा असा भरंवसा असल्यामुळेंच ऊंसासारख्या खर्चाच्या पिकांत पैसा घालण्यास शेतकरी धजत असे.

अशा संस्थांचें मोल विद्वानांनीं उशीरां ओळखलें. सामाईक मालमत्तेची व्यवस्था उपभोक्ते स्वतःच चांगल्या रीतीनें ठेवूं शकतात, हें दाखविणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रम या अमेरिकन विदुषीला २००९ सालीं अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें.

तथापि फडाचें कौतुक डोळे झांकून करणें योग्य नव्हे. थळांत ज्याची जमीन नाहीं, अशा मजुराला या पाण्यांत वांटा नव्हता. पुढें विहिरी व विजेचे पंप आले. ज्याला स्वतःचें पाणी मिळालें, त्याला शेजाऱ्याची गरज उरली नाहीं, आणि अनेक ठिकाणीं फडाची शिस्त ढिली पडली. गांवाचें ऐक्य हा उपजत गुण नव्हे. परस्परांची गरज आणि सारखी जोखीम यांवर तें उभें असतें.

महाराष्ट्रांत २००५ सालीं कायदा होऊन पाटबंधाऱ्यांच्या पाण्याचें व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थांकडे सोंपविण्याची तरतूद झाली. संस्थेची नोंदणी सरकारी कचेरींत होऊं शकते. परंतु पाटाच्या शेवटच्या शेतकऱ्याची तूट पाटाच्या तोंडाशीं असलेल्यालाहि जाणवावी, अशी व्यवस्था सभासदांनाच करावी लागते. खानदेशच्या शेतकऱ्यांनीं तें गणित फड पाडतांनाच सोडविलें होतें.