स्वस्त औषधे आणि आपण गृहिणी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला, गोडधोड व्हायच्या आधीच, औषधाची गोष्ट काढावी हे थोडे विचित्र दिसेल. परंतु चिटणीसबाईंनी विषय विचारला तेव्हा मला दुसरे काही सुचेना. जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यांत औषधखिडकीच्या आत बसून गोळ्या देण्यात माझी नोकरी गेली. मोठ्या रोगांविषयी डॉक्टर लोक बोलतील. मी आपली गोळीच्या किमतीविषयी बोलणार.

त्या खिडकीत मला एक गोष्ट फार लवकर कळून आली. घरात नवरा-बायको दोघांनाही रक्तदाब आहे, दोघांनाही रोज गोळी आहे, आणि महिनाअखेर पैसे अपुरे पडले, तर बंद होते ती बाईची गोळी. "आमच्या मालकाची चालू राहू द्या बाई, माझं काय, मला आता बरं वाटायलंय," हे वाक्य मी औशाच्या बाईकडून ऐकले आहे, अहमदपूरच्या ऐकले आहे आणि लातूर शहरातल्या चांगल्या शिकलेल्या बाईकडूनही ऐकले आहे. दुसरी एक रीत म्हणजे दिवसाआड गोळी घ्यायची, म्हणजे एक पाकीट दोन पाकिटांइतके पुरते! भगिनींनो, रक्तदाबात बरे वाटते ते गोळी चालू आहे म्हणून वाटते. ती सोडली की वर काही दिसत नाही, आत मात्र दाब वाढत राहतो, आणि एके दिवशी अर्धे अंग लुळे पडते. मग दवाखान्यात लाखाचा खर्च करायला सारे घर धावते. ज्या गोळीसाठी महिन्याला शेदीडशे रुपये निघाले नाहीत, तिच्यापायी शेत गहाण पडते. तेव्हा गोळी स्वस्त असणे आणि ती वेळेवर हाती पडणे हा बाईच्या जिवाचा प्रश्न आहे.

आता पैसा जातो कुठे ते पाहू. तुमच्या घरातले गोळ्यांचे कोणतेही पाकीट उजेडात धरा. मोठ्या अक्षरांत एक नाव दिसेल, ते कंपनीने ठेवलेले. बारीक अक्षरांत दुसरे नाव असेल, ते औषधाचे खरे नाव. शुगरच्या गोळीवर बहुधा मेटफॉर्मिन असते, रक्तदाबाच्या गोळीवर अ‍ॅमलोडिपिन किंवा टेल्मिसार्टन असते. बाळाचे नाव एक आणि लाडाची नावे दहा, तसा हा प्रकार आहे. एकाच औषधाला बाजारात डझनावारी नावे, आणि किमतींत जमीन-अस्मानाचे अंतर. दिवसाला २ गोळ्या म्हणजे वर्षाच्या ७३०. गोळीमागे ३ रुपयांचा फरक पडला तरी वर्षाचे २,१९० रुपये झाले. गॅसच्या दोन टाक्या त्यात येऊन वर काही उरते.

डॉक्टरांनी औषधाचे खरे नाव लिहावे असे वैद्यकीय परिषदेच्या नियमांत आहेच. २०१६ साली तो नियम अधिक स्पष्ट केला गेला आणि सुवाच्य लिहिण्याचीही त्यात सूचना आली. (त्या सुवाच्यतेचे पुढे काय झाले ते आपण सगळ्या जाणतोच!) २०२३ च्या ऑगस्टात हाच नियम सक्तीने आणण्याचा घाट घातला गेला. डॉक्टरांच्या संघटनेने हरकत घेतली, आणि त्याच महिन्यात तो स्थगित झाला. हरकत अगदीच पोकळ नव्हती. मालाच्या दर्जाची खात्री कोण देणार, असे त्यांचे म्हणणे होते. त्याकडे मी पुढे येते.

आपल्या देशात औषधे इतर पुष्कळ देशांच्या मानाने स्वस्त आहेत. ही स्वस्ताई आपोआप आलेली नाही, ती घडवून आणावी लागली. पेनिसिलीनकरता एके काळी परदेशाकडे तोंड करून बसावे लागे. १९५४ साली पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना निघाला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी त्याला साहाय्य केले, आणि १९५५ साली तिथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. पुढे हा कारखाना डबघाईला आला ही खेदाची गोष्ट. परंतु औषध आपल्याकडे होऊ शकते हे त्याने दाखवून दिले.

दुसरी गोष्ट कायद्याची. १९७० साली पेटंटचा नवा कायदा झाला आणि १९७२ पासून तो अमलात आला. त्याने असे ठरवले की औषधाच्या पदार्थावर कोणाची मक्तेदारी चालणार नाही. ते तयार करण्याच्या रीतीवर काय ती चालेल, आणि तीही थोड्या वर्षांपुरती. सुगरणीने आपल्या कृतीवर हक्क सांगावा, पण पुरणपोळीवर सांगू नये, असेच म्हणा ना. त्यामुळे दुसऱ्या रीतीने तेच औषध करायला आपले कारखाने मोकळे झाले. याचे फळ सगळ्या जगाने पाहिले ते २००१ साली. एड्सच्या औषधांना तेव्हा परदेशी कंपन्या माणशी वर्षाला दहा हजार डॉलर आणि त्याहूनही जास्त घेत. मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसुफ हमीद यांनी तीच औषधे वर्षाला ३५० डॉलरांत, म्हणजे दिवसाला एका डॉलरहूनही कमी किमतीत, देऊ केली. आफ्रिकेतल्या किती घरांत आई जिवंत राहिली असेल याची कल्पनाच करावी. आपल्या सरकारनेही १ एप्रिल २००४ पासून ही औषधे फुकट द्यायला आरंभ केला.

२००५ पासून मात्र जागतिक व्यापाराच्या करारामुळे पदार्थावरची मक्तेदारी परत आली. तरी त्यातही एक खिडकी राहिली आहे. यकृताच्या आणि मूत्रपिंडाच्या कर्करोगावरचे एक परदेशी औषध महिन्याला २,८०,००० रुपयांना पडत असे. मुंबईच्या पेटंट कार्यालयाने मार्च २०१२ मध्ये हैदराबादच्या एका कंपनीला ते करण्याचा परवाना दिला, तेव्हा तेच ८,८८० रुपयांत मिळू लागले. असे परवाने विरळा, पण कायद्यात सोय आहे.

नेहमीच्या औषधांसाठी केंद्र सरकारची अत्यावश्यक औषधांची यादी आहे. २०२२ च्या यादीत ३८४ औषधे आहेत, आणि त्यांना सरकार जास्तीत जास्त किंमत ठरवून देते. मात्र ही किंमत औषध तयार करायला किती खर्च येतो यावरून काढत नाहीत. ज्या कंपन्यांचा खप बाजारात १ टक्का किंवा त्याहून जास्त आहे, त्यांच्या किमतींची सरासरी काढायची आणि दुकानदाराचे १६ टक्के वर घालायचे, अशी २०१३ पासूनची रीत आहे. म्हणजे महाग विकणाऱ्यांचीच सरासरी धरायची. माझ्या मते ही गोष्ट आपल्या बाजूची नाही.

आता फुकट औषधांकडे वळते. महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय या ठिकाणी, १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार विनामूल्य आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये या निर्णयात आली नाहीत, तेव्हा लातूरच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात जाताना हा फरक ध्यानात असू द्यावा. क्षयाची औषधे तर कित्येक वर्षांपासून सरकार फुकट देते. रक्तदाबाच्या आणि शुगरच्या साध्या गोळ्याही आरोग्य केंद्रात मिळायच्या असतात.

मिळायच्या असतात, असे मी मुद्दाम म्हणते. कागदावर औषध फुकट असते आणि फळीवर ते नसते, हेच आपले खरे दुखणे आहे. मग हातात 'बाहेरची चिठ्ठी' पडते. गाडीभाडे खर्चून, रोज बुडवून आलेली बाई ती चिठ्ठी घेऊन मेडिकलच्या दारात उभी राहते, किंमत ऐकते, आणि अर्धीच औषधे घेऊन परतते. खिडकीच्या आत बसणाऱ्यालाही तेव्हा मान वर करवत नाही.

नांदेडची गोष्ट आपल्या कोणालाच विसरता येणार नाही. ३० सप्टेंबर २०२३ ला किल्लारीच्या भूकंपाला ३० वर्षे पुरी झाली, आपण त्या आठवणीत होतो. त्याच दिवसापासून पुढच्या २४ तासांत विष्णुपुरीच्या सरकारी रुग्णालयात २४ रोगी दगावले. त्यांत १२ नवजात बालके होती. औषधे नव्हती असे नातेवाइकांचे म्हणणे, औषधांचा तुटवडा नव्हता असे सरकारचे म्हणणे. मुंबई उच्च न्यायालयाने आपण होऊन या प्रकरणाची दखल घेतली. कोणाचे किती चुकले याचा निवाडा मी इथे करणार नाही. परंतु राज्याची औषधखरेदी २०१७ पासून एका ठिकाणी, हाफकिन महामंडळाकडे, सोपवलेली होती, आणि माल वेळेवर येत नाही ही ओरड नांदेडच्या आधीपासून चालू होती. २०२३ सालीच राज्याने खरेदीसाठी निराळे प्राधिकरण स्थापण्याचा कायदा केला. अडचण सरकारलाही मान्य होती, असाच त्याचा अर्थ मी घेते.

एकत्र खरेदी वाईट असते असे नव्हे हं. उलट तीच खरी युक्ती आहे. वर्षाचे धान्य सुगीत भरणारी बाई आणि रोज पावशेर आणणारी बाई, दोघींच्या हिशेबातला फरक आपल्याला कोणी शिकवायला नको. तामिळनाडूने १९९४ साली याच कामाकरता महामंडळ काढले. सगळ्या राज्याची औषधे खऱ्या नावाने एकदम घ्यायची, जिल्ह्याजिल्ह्यात कोठारे ठेवायची, मालाचा नमुना प्रयोगशाळेत तपासून आल्याखेरीज एक गोळी बाहेर सोडायची नाही, असा त्यांचा शिरस्ता. आणि प्रत्येक दवाखान्याला बँकेसारखे पासबुक! वर्षाला इतक्या रकमेची औषधे तुमची, लागतील तशी उचला, पासबुकात मांडा. जिथे खोकल्याचे रोगी अधिक तिथे खोकल्याचे औषध जाते, वरून कोणी ठरवून पाठवत नाही. राजस्थाननेही २ ऑक्टोबर २०११ पासून अशीच खरेदी करून फुकट औषधे द्यायला सुरुवात केली. आपल्याला जे जमले नाही ते दुसऱ्यांना जमले आहे, तेव्हा ते अशक्य नाही एवढे नक्की.

जनऔषधी केंद्रांविषयी पुष्कळजणी विचारतात. केंद्र सरकारने २००८ साली ही योजना काढली, आणि २०२५ च्या जानेवारीत देशात अशी १५,००० केंद्रे झाली. इथे औषध खऱ्या नावाने मिळते. कंपनीच्या नावाच्या मालापेक्षा ते ५० ते ८० टक्के स्वस्त पडते असे सरकार सांगते. मुलींसाठी सॅनिटरी पॅडही २०१९ च्या ऑगस्टपासून १ रुपयाला एक या भावाने इथे ठेवले गेले. मला या केंद्रांचे कौतुक आहे, पण हवे ते औषध नेहमी असेलच असे नाही. शिवाय खेड्यातल्या बाईला त्यासाठी तालुक्याला यावे लागते, तेव्हा गाडीभाड्यात बचत जिरते.

"स्वस्त ते नकली तर नसेल?" हा प्रश्न मात्र हसण्यावारी नेऊ नये. २०२४ साली नागपूरच्या आणि आपल्या शेजारच्या अंबाजोगाईच्या सरकारी रुग्णालयांना पुरवलेली प्रतिजैविके बनावट निघाली आणि गुन्हे दाखल झाले. ताप उतरावा म्हणून लेकराला दिलेल्या गोळीत औषधच नसावे, याहून मोठे पाप कोणते? परंतु यात दोष स्वस्ताईचा नव्हे, माल तपासण्याच्या आधी वाटला जातो याचा आहे. बनावट माल करणारे महाग नावांचीही नक्कल करतात. तपासलेले साधे औषध आणि तपासलेले नावाचे औषध शरीरात सारखेच काम करते, हे मी नोकरीतल्या अनुभवावरून खात्रीने सांगते. फक्त फिट्सची, थायरॉइडची किंवा रक्त पातळ करण्याची गोळी असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कंपनी बदलू नये.

हे सगळे सांगून झाल्यावर, आपण काय करायचे? प्रत्येक आरोग्य केंद्राला आणि सरकारी रुग्णालयाला रुग्ण कल्याण समिती असते. त्या समितीत आपल्या बायकांच्या बाजूने बोलणारे कोणी असते का, हे आधी पाहायला हवे. 'औषध नाही' असे तोंडी सांगितले की ते वाऱ्यावर जाते. तारीख, दवाखाना, औषधाचे खरे नाव आणि बाहेर भरलेली किंमत असे चार रकाने लिहून समितीपुढे ठेवले, तर त्याला उत्तर द्यावे लागते. भांडायचे कारण नाही, खिडकीतल्या माणसावर तर मुळीच ओरडायचे नाही. त्याच्या हातात खरेदी नसते. उलट आपल्या कागदाने त्याच्याही मागणीला जोर येतो.

तशी एक वही मी आज रकाने आखून आणली आहे, ती चिटणीसबाईंपाशी राहील. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी इथे मंडळात दुपारी ३ वाजल्यापासून बसेन. घरातली रिकामी पाकिटे, डॉक्टरांची चिठ्ठी आणि मेडिकलची पावती घेऊन या. कोणते खरे नाव, ते आरोग्य केंद्रात मिळायला हवे की जनऔषधीत, आणि डॉक्टरांना काय विचारायचे, ते आपण एकत्र बसून पाहू. येताना नुसती सासूबाईंची आणि घरच्या पुरुषमाणसांची पाकिटे आणू नका, स्वतःचीही आणा.