जोतं भरण्याआधी

यंदा आमच्या गटांतून घरासाठी कर्ज मागणाऱ्या बाया वाढल्या आहेत. कुणाचं घरकुल मंजूर झालंय, कुणी सोयाबीनचे पैसे धरून ठेवलेत, कुणाचा मुलगा पुण्याहून महिन्याला थोडे थोडे पाठवतोय. बैठकीत कर्जाचा विषय निघाला की आम्ही रक्कम विचारायच्या आधी एक गोष्ट विचारतो. घराचा नकाशा कुणी ठरवला? दहापैकी आठ जणी सांगतात, मिस्त्रीनं.

आणि मिस्त्रीच्या डोक्यात नकाशा एकच असतो. रस्त्याकडे दार, पुढं बैठकीची खोली, मागं स्वयंपाकघर, वर सपाट स्लॅब. मग प्लॉटचं तोंड पूर्वेला असो की पश्चिमेला. घरकुल योजनेत घर बाईच्या नावावर किंवा नवराबायकोच्या दोघांच्या नावावर मंजूर होतं, ही मोठीच गोष्ट झाली. पण कागदावर नाव लागलं तरी खिडकी कुठल्या भिंतीला हवी, हे तिला कुणी विचारत नाही. आणि एप्रिल-मे महिन्यात दुपारी एक ते पाच त्या घरात असतं कोण? शिलाई मशीनवर बसलेली बाई, बाळंतीण, अंथरुणाला खिळलेली सासू, अंगणवाडीतून परत आलेली पोरं. पुरुषमंडळी तोवर पारावर लिंबाखाली असतात. त्यांना नावं ठेवत नाही आम्ही, घरात बसवत नसेल तर कुणीही बाहेरच बसेल. म्हणूनच आजचं बोलणं एवढंच आहे की पंख्याला, कुलरला आणि विजेच्या बिलाला पुढची तीस वर्षं किती पैसे घालायचे, हे बरंचसं जोतं भरण्याआधीच ठरतं. आणि त्या वेळी ठरवायला पैसे फार लागत नाहीत.

आपल्या लातूर-धाराशिवकडच्या म्हाताऱ्या बाया अजून माळवदाची आठवण काढतात. दोन-दोन, तीन-तीन फूट रुंद दगडी भिंती, वर लाकडी खांब-तुळया, त्यावर फळ्या आणि मातीचा जाड थर. आत शिरलं की मे महिन्यात थंडगार. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारीचा भूकंप झाला आणि त्याच भिंतींनी आणि त्याच मातीनं हजारो माणसं गाडली. दगड मातीत नुसते रचलेले होते, भिंतीचे आतले-बाहेरचे दोन थर एकमेकांत गुंतलेले नव्हते, आणि वर दर पावसाळ्याआधी नवी माती टाकून छताचं वजन वाढत गेलेलं. तेव्हापासून आपल्या भागात माणसं दगडमातीच्या घराला भितात, आणि ते खरंच आहे. त्यानंतर घरं दुरुस्त आणि मजबूत करायचं काम निघालं, तेव्हा गावोगावच्या महिला मंडळांतल्या बाया संवाद सहायक म्हणून पुढं आल्या. कॉलम, पट्टी, जोडदगड हे शब्द त्या वेळी त्यांनी शिकून घेतले. घराच्या बांधकामातलं बाईला काय कळतं, असं कुणी म्हणालं तर हे आठवून द्यायचं.

तर आता आपण सिमेंट-लोखंडाकडे आलो. घर भक्कम झालं, पण भट्टी झालं. आपल्याला दोन्ही हवंय, न पडणारं आणि न तापणारं.

आधी ऊन कुठून येतं ते बघा. आपल्याकडे मे महिन्याच्या मध्याला भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. तिथून जुलैच्या शेवटापर्यंत दुपारचा सूर्य थोडा उत्तरेकडेच असतो. म्हणजे उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीला फार ऊन लागत नाही. हिवाळ्यात तो दक्षिणेला कलतो, तेव्हा ते ऊन हवंहवंसंच असतं. दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटांचा छज्जा टाकला की काम भागतं. खरा त्रास दोन ठिकाणचा आहे, स्लॅब आणि पश्चिमेची भिंत. संध्याकाळी चार-पाचला सूर्य खाली उतरलेला असतो, ऊन सरळ भिंतीवर येतं. तिथं छज्जा कितीही पुढं काढला तरी ते अडत नाही.

म्हणून प्लॉट हातात आला की पहिल्यांदा तिथं दुपारी चार वाजता जाऊन उभं राहायचं. ऊन कुठून येतंय, शेजारच्या घराची सावली कुठवर पडते, झाड आहे का. त्या बाजूला माणसं बसायची-झोपायची खोली ठेवायची नाही. न्हाणीघर, धान्याची खोली, जिना, यातलं काय काय पश्चिमेला लोटता येईल ते लोटायचं. जिना बाहेरून पश्चिमेच्या भिंतीला लागून घेतला तर तो भिंतीला सावलीही देतो. आणि गच्चीवर जायला वाट होते. कॉलमचं घर असेल तर मिस्त्री पैसे वाचवायला चार इंची भिंत सुचवतो. आतल्या भिंती चार इंची करा, खुशाल. पण पश्चिमेची नऊ इंचीच धरा. सगळ्या घराला जास्त विटा लागत नाहीत, एका भिंतीला लागतात. लिंब लावायचा तर घर बांधायला काढतानाच लावा, भिंतीपासून चांगला लांब. आपल्या काळ्या मातीत भिंतीलगतचं झाड पायाला त्रास देतं. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, म्हणून पाया मुरूम लागेपर्यंत खाली न्यायचा. तिथं हात आखडायचा नाही.

एक पोकळ भिंतीची पद्धतही आहे. केरळात लॉरी बेकर नावाचे वास्तुशिल्पी होऊन गेले, गरिबांची स्वस्त घरं बांधणारे. ते विटा कडेवर उभ्या रचून मध्ये पोकळी ठेवत. विटा जवळजवळ चौथ्या हिश्शानं वाचतात आणि पोकळीतल्या हवेमुळे ऊन आत उशिरा पोचतं. पद्धत चांगली आहे, पण तिला एकसारख्या, सरळ कडांच्या विटा लागतात आणि हात बसलेला गवंडी लागतो. आपल्या भट्टीची वाकडीतिकडी वीट आणि पहिल्यांदाच करणारा गवंडी असेल तर या वाटेला जाऊ नका, असं आमचं मत आहे.

खिडक्यांबद्दल जरा सविस्तर बोलायचंय. वारा आत यायला एक खिडकी पुरत नाही, त्याला बाहेर पडायला समोरच्या भिंतीत दुसरी वाट लागते. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात आपल्याकडे वारा जास्त करून पश्चिमेकडून येतो आणि ऊनही तिकडूनच. म्हणून पश्चिमेला खिडकी लहान, लाकडी झडपेची ठेवा आणि समोर पूर्वेला मोठी. माळवदाला वर उजेडाचं भोक असायचं, तिथून तापलेली हवा निघून जायची. तसा छताजवळ भिंतीत हातभर झरोका ठेवला की तेच काम होतं. भर उन्हाळ्यात मात्र दुपारी खिडक्या उघडायच्या नाहीत, बाहेरची हवा घरापेक्षा गरम असते. सकाळी दहा-अकराला बंद करायच्या, दिवस मावळला की उघडायच्या आणि रात्रभर उघड्या ठेवायच्या.

आता रात्रभर उघड्या ठेवा हे आम्ही सहज म्हणतो. पण एकटी राहणारी बाई खिडकी उघडी टाकून झोपेल का? घरात वयात आलेल्या पोरी आहेत, चोराचं भय, विंचूकाट्याचं भय, डास. आमच्या गटात शिवणकाम करणारी एक ताई आहे, नवरा नाही, दोन मुली. तिच्या नव्या घराला चार चांगल्या खिडक्या आहेत आणि एकीलाही ग्रिल नाही, कारण शेवटचा हप्ता येईपर्यंत पैसे फरशीत गेले. दोन उन्हाळे ती तिघी दार-खिडक्या लावून, तापलेल्या स्लॅबखाली झोपली. गटानं तिला ग्रिल आणि जाळीसाठी वेगळं कर्ज दिलं. तिनं गिलाव्याचं एक काम पुढं ढकललं असतं तरी चाललं असतं, असं ती स्वतःच सांगते. तेव्हा अंदाजपत्रकात ग्रिल आणि बारीक जाळी फरशीच्या आधी लिहा. फरशी नंतरही होते. आणि खिडक्या कोपऱ्याला चिकटून काढू देऊ नका, दोन फूट तरी अंतर हवं. भूकंपात भिंत कोपऱ्यातून फाटते. जोत्याला आणि खिडकी-दाराच्या वर सलग लोखंडी पट्टी फिरली पाहिजे, हेही मिस्त्रीकडून वदवून घ्या.

चूल पेटवत असाल तर स्वयंपाकघर पूर्वेकडे किंवा आग्नेयेला बरं. वास्तुशास्त्रवालेही आग्नेयच सांगतात, म्हणजे सासूबाईंशी वाद नको. वारा पश्चिमेचा, त्यामुळे धूर घरात न शिरता बाहेर जातो.

आता स्लॅब. दुपारभर तो ऊन पितो आणि संध्याकाळी आत सोडतो. रात्री आठला खालून हात लावून बघा, तवा असतो. त्यावर सगळ्यात स्वस्त इलाज पांढरा रंग. पांढरं छत ऊन परत फेकतं. कळीचा चुना आदल्या दिवशी भिजवा. भिजताना तो उकळतो, मुलांना लांब ठेवा, डोळ्यांना जपा. गाळून त्यात थोडं पांढरं सिमेंट आणि चिकटायला थोडा फेविकॉल घाला आणि पातळ दोन-तीन हात मारा. पावसात तो धुपतो, म्हणून दर वर्षी होळी झाली की पुन्हा. खर्च काही शेकड्यांत. पैसे असतील तर पांढऱ्या फुटक्या टाइल्सचे तुकडे सिमेंटमध्ये बसवून घ्या, ते वर्षानुवर्षं टिकतं आणि गळतीही थांबते. पत्र्याचं घर असेल तर पत्र्याला वरून पांढरा रंग आणि खाली वीतभर जागा सोडून बांबूच्या तट्ट्या. फक्त चुलीच्या वर तट्ट्या नकोत.

स्लॅब पडल्यावर पाणी मारण्यात कंजुषी करू नका. किमान चौदा दिवस. टँकरचं पाणी असेल तर स्लॅबवर मातीची आळी करून पाणी साठवा, कॉलमना भिजलं बारदान गुंडाळा, कमी पाण्यात भागतं.

विजेचं शेवटी सांगतो, कारण ते शेवटीच करायचं असतं. साधा पंखा ७५ वॅटच्या आसपास खातो. नवा बीएलडीसी पंखा तीसएक वॅटवर चालतो, किंमत हजारभर रुपयांनी जास्त. रोज पंधरा तास धरले तर महिन्याला एका पंख्यामागे वीस युनिट वाचतात. घरगुती बिलात शंभर युनिटच्या वर दर एकदम चढतो, तेव्हा ते वीस युनिट कुठल्या बाजूला पडतात ते तुमच्या जुन्या बिलावर बघा.

छतावरच्या सोलरसाठी केंद्राची पीएम सूर्यघर योजना आहे. एक किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार अनुदान. ते आधी मिळत नाही, बसवल्यावर खात्यात जमा होतं, म्हणजे आधी पैसा उभा करावा लागतो. एक किलोवॅट चांगल्या उन्हात दिवसाला साधारण चार युनिट देतो. त्याला शंभर चौरस फूट बिनसावलीची जागा लागते. म्हणून आज सोलर घेणार नसाल तरी स्लॅब टाकतानाच वायरसाठी एक पाइप सोडून ठेवा, आणि पाण्याची टाकी अशी बसवा की तिची सावली मोकळ्या जागेवर पडणार नाही. पण छत पांढरं न करता, पश्चिमेची भिंत तशीच ठेवून आधी सोलर घेणं आम्हाला पटत नाही. ते गळक्या घागरीत पाणी भरण्यासारखं आहे.

घरकुलाला केंद्राच्या योजनेतून १ लाख २० हजार मिळतात आणि किमान २५ चौरस मीटर, म्हणजे साधारण २७० चौरस फूट बांधायचं असतं. एवढ्या पैशात सगळं होत नाही, हे आम्हालाही ठाऊक आहे. आमच्या गटांनी म्हणून क्रम लावलाय. पाया आणि पट्ट्या, पश्चिमेची जाड भिंत, समोरासमोर खिडक्या ग्रिल-जाळीसकट, पांढरं छत. यासाठी गटाचं कर्ज आधी. फरशी, रंग आणि शोकेससाठी नंतर. शोकेसवर दोन बैठकांत भांडणं झाली, ती अजून मिटलेली नाहीत.

ज्यांचं जोतं अजून भरलेलं नाही त्यांनी पुढच्या मासिक बैठकीला प्लॉटचा कागद घेऊन या. आपण जमिनीवर खडूनं नकाशा काढू, दिशा मांडू. मिस्त्रीलाही बोलवा, त्याचा चहा गटाकडून.